एकशेवीसचा वेग, बावीसचं ॲव्हरेज

आमच्या बीड जिल्ह्यात लग्नाच्या मांडवाबाहेर पुरुषमंडळींचा आणखी एक मांडव भरतो. आत मंगलाष्टकं लांबत असतात आणि बाहेर, गाड्या लावलेल्या मोकळ्या वावरात, नवी गाडी घेतलेला पाहुणा बॉनेटवर हात ठेवून उभा असतो. बाकीचे तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात. कुणी बुटाच्या टोकानं टायर दाबून बघतं, कुणी दार उघडून पुन्हा लावतं आणि त्याचा आवाज ऐकून मान हलवतं. मग दोन प्रश्न येतात, ते ठरलेलेच असतात. "किती पळायली?" आणि "ॲव्हरेज काय देते?" उत्तरंही ठरलेली. "एकशेवीसला टाकली तरी पोटातलं पाणी हलत नाही बघा." पाठोपाठ, आवाज थोडा खाली आणून, "ॲव्हरेज म्हणाल तर बावीस. आरामात."

यात खोटं काहीच नसतं. गाडी १२० नं गेलेली असते आणि बावीसचं ॲव्हरेजही तिनं दिलेलं असतं. फक्त ते दिवस दोन असतात. पहिल्या दिवशी मालक एकटाच छत्रपती संभाजीनगरला निघालेला असतो; दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर सासरे बसलेले असतात.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावरही ते अंगातून जात नाही, त्यामुळं अशा घोळक्यात मी नकोसा होतो. मी जवळ आलो की पाहुणे "सर, जेवलात का?" असं विचारून मला पंगतीकडं वळवतात. तिथं राहून गेलेलं सगळं म्हणून इथं सांगतो.

मोटार रस्त्यावरून चालते हे आपल्याला दिसतं, ती हवेतून चालते हे दिसत नाही. तीस-चाळीसच्या चालीत हवा फारशी कुरकुर करत नाही. पुढं मात्र ती सावकारी सुरू करते. वेग दुप्पट केला की तिचा अडथळा चौपट. ८० चे १२० केले, म्हणजे वेग दीडपट केला, तर हवा बाजूला सारायचा दर किलोमीटरचा खर्च सव्वादोन पट. काचा वर केलेल्या असतात, एसी चालू असतो, गाणी लागलेली असतात. व्याज चढतंय हे आत कुणाला ऐकूसुद्धा येत नाही. इंजिनाला मात्र ते भरावंच लागतं.

हाच हिशेब आमच्याकडं डोंगरावर उलटा मांडून ठेवलाय. मांजरसुंब्याकडं, पाटोद्याकडं बालाघाटच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातून मिळू शकणारी वीज दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गाडीला हवेतून ढकलायला इंजिनाला जी ताकद लावावी लागते तीही वेगाच्या घनाच्याच प्रमाणात वाढते. नियम एकच. वर डोंगरावर तो आपल्याला फुकट वीज देतो. खाली महामार्गावर आपण शंभरीपारचं पेट्रोल जाळून स्वतःचा वारा तयार करतो आणि त्यालाच जाऊन धडकतो.

"मग काय सर, बैलगाडीच्या चालीनं न्यायची का?" हा प्रश्न येतोच. नाही. फार हळू जाण्यातही तोटा आहे. इंजिन नुसतं फिरत राहायला, आतलं घर्षण सोसायला, एसी ओढायला काहीतरी खातंच. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घुंघुं करत बीडच्या बाजारातून जाणारी गाडी हेच करत असते: खाते भरपूर, जाते थोडं. वेग वाढला, वरचा गिअर पडला की हा बसून खाण्याचा खर्च जास्त किलोमीटरांत वाटला जातो. मग एका टप्प्यानंतर हवा तिचं व्याज लावायला लागते. या दोन्हींच्या मधला वेग सगळ्यात स्वस्त. बहुतेक मोटारींसाठी तो ५० ते ७० च्या आसपास कुठंतरी पडतो. पेट्रोलियम जपून वापरा असं लोकांना सांगण्यासाठी केंद्र सरकारनं १९७८ साली पीसीआरए नावाची संस्था काढली. तिचा जुना सल्ला ४५ ते ५५ चा आहे. तो मी एकदा घोळक्यात सांगितला तेव्हा एक पाहुणे म्हणाले, "सर, पंचावन्ननं गेलो तर मागचा ट्रकवाला खाली उतरून विचारील, काय ओ, पंक्चर झालं का?"

त्यांचंही अगदी चूक नाही. धुळे-सोलापूर रस्ता दुपदरी होता तेव्हा वेगाचा प्रश्नच नव्हता. पुढं ट्रक, त्याच्यापुढं एसटी, तिच्यापुढं कडब्याची गाडी, अशी सगळ्यांची चाल सगळ्यात हळू चालणारा ठरवायचा. त्याचा नंबर २११ होता, आता ५२ झाला आणि रस्ता चौपदरी झाला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत अशा चौपदरी रस्त्यावर मोटारींना १०० ची कमाल मर्यादा दिली. कमाल म्हणजे याच्यावर जायचं नाही. आमच्याकडं तिचा अर्थ याच्याखाली जाणं कमीपणाचं, असा लागला. जिल्ह्याला इतकी वर्षं सगळ्यांनी मागास म्हटलं. गुळगुळीत रस्ता मिळाल्यावर माणूस थोडा पळणारच, हे मला समजतं.

पण पळून मिळतं काय, तेही बघू. बीड ते संभाजीनगर १३० किलोमीटर धरा. ८० नं गेलात तर साधारण ९८ मिनिटं. १०० नं ७८. १२० नं ६५. म्हणजे पहिल्या वीसनं वीस मिनिटं वाचवली आणि पुढच्या वीसनं फक्त तेरा. वाचणारा वेळ प्रत्येक पायरीला कमी होतो आणि हवेची मागणी प्रत्येक पायरीला वाढते. हेही रस्ता सगळा मोकळा मिळाला तर. पाडळसिंगीच्या टोलवर पुढच्या गाडीचा फास्टॅग चालत नाही, गेवराईजवळ कुणीतरी उलट्या बाजूनं शांतपणे मोटरसायकल घेऊन येतो, शहागडला गोदावरीत पाणी किती आहे ते बघायला सगळेच जरा पाय काढतात. आणि पाचोडला चहा असतो.

समजा पाहुण्यांची गाडी ७० ला बावीस देते आणि १२० ला चौदा. १३० किलोमीटरला एकीकडं सहा लिटरच्या आत पेट्रोल, दुसरीकडं सव्वानऊ लिटरच्या वर. सुमारे साडेतीन लिटर जास्त, म्हणजे साडेतीनशे रुपये. त्यात वाचला पाऊण तास. ताशी साडेचारशेहून जास्त दरानं आपण वेळ विकत घेतला. वकील, डॉक्टर यांना तो परवडत असेल. आमचे पाहुणे मात्र तो पाऊण तास पाचोडच्या टपरीवर, गाडी कशी पळाली हे सांगण्यात खर्च करतात. चहाचे पैसे वेगळे.

या साडेतीन लिटरांचा धूर किती, हे मुलांना वर्गात सांगितलं की ती विश्वास ठेवायची नाहीत. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो. ते जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र सव्वादोन किलोहून जास्त. "सर, पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसं निघंल?" अगदी शहाणा प्रश्न. पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्याचं वजन स्वतःच्या अंगाला लावून बाहेर पडतो. डिझेलचं तर लिटरला अडीच किलोच्या वर जातं. म्हणजे त्या एका खेपेत आपण आठेक किलो वायू जास्तीचा सोडून आलो. एका गाडीच्या आठ किलोनं बीडचा पाऊस पळून जात नाही, तो आपल्या मर्जीनं पळतो. पण १९७२ पासून दुष्काळाची वर्षं मोजत आलेल्या, चारा छावण्या पाहिलेल्या जिल्ह्यानं आभाळाशी जरा जपून वागायला हरकत नव्हती. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१५ साली पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. आमच्याकडं कोळशाच्याही आधी पाणी संपतं.

जुन्या माणसांचं पेट्रोल वाचवण्याचं शास्त्र निराळं होतं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, काही बहाद्दर तर इंजिनच बंद करायचे. वाऱ्याचा तेवढा आवाज, गाडी आपोआप खाली, आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर सरकारचं काहीतरी फुकट मिळाल्याचा आनंद. कार्ब्युरेटरच्या काळात यातून थोडं तेल वाचायचं हे खरं आहे. जीव वाचला तर तो नशिबाचा भाग. आताच्या गाड्यांत हे शास्त्र उलटं पडलंय. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की आतला संगणक इंधन जवळजवळ बंदच करतो, कारण उतरणारी चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो आणि बिचाऱ्या इंजिनाला जागं राहण्यासाठी पुन्हा थेंब थेंब प्यावं लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा माणूस बचत करतोय असं समजून खर्च करत असतो. इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग जड होतं. हे इतकं स्पष्ट करून सांगितलं तरी आमच्या गल्लीतले एक काका ऐकत नाहीत. "संगणकाला काय कळतंय घाट," म्हणतात.

ज्यांना खरंच कळायचं ते एसटीचे ड्रायव्हर. डेपोत केपीटीएल नावाचा शब्द असतो, दहा लिटरला गाडी किती किलोमीटर गेली त्याचा. कोणाचं केपीटीएल चांगलं हे सगळ्या डेपोला ठाऊक असायचं. असा ड्रायव्हर लांबवर थांबा दिसला की तिथंच पाय काढतो, गाडी आपल्या चालीनं सरपटत बरोबर खांबाशी येते आणि ब्रेक नुसता रामराम करण्यापुरता लागतो. मला वाटतं, वेगाइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, तेल या पायात असतं. एकदम पळवायचं आणि एकदम दाबायचं, म्हणजे पेट्रोलनं कमावलेला वेग ब्रेकच्या पट्ट्यांवर घासून तापवून टाकायचा. एसटीला आता स्पीड लॉक असतं, त्यामुळं तिला मागं टाकून जाणारे हात हलवून हसतात. पुढच्या फाट्यावर ती पुन्हा त्यांच्या मागं उभी असते, पन्नास माणसं घेऊन.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या रस्त्यांवर आणखी एक वेग उतरतो. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जायचं असतं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात कोप्यांचे बांबू, ताडपत्र्या, भांडी, पाण्याची टिपाडं, शेळी, कोंबड्या, म्हातारी, तान्हं मूल. पाडव्याच्या आसपास परत येईपर्यंत अख्खं घर त्यात बसवलेलं असतं. चाल ताशी वीस-पंचवीस. धारूरच्या घाटात तर त्याहून कमी. मागं एक मोटार, आत एकच माणूस, हॉर्नवर हात. ती उजवीकडं नाक काढते, समोरून ट्रक येतो, ती मागं येते, पुन्हा पळते, पुन्हा दाबते. घाट संपेपर्यंत तिचं ॲव्हरेज दहावर आलेलं असतं आणि रागाचा सगळा बोजा ट्रॅक्टरवर. माणशी हिशेब लावला तर त्या दोघांत तेल उधळणारा कोण, हे सांगायला शिक्षक लागत नाही.

याची गंमत पुढं आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते धान्यापासूनही होतं आणि उसापासूनही. म्हणजे हॉर्न मारणाऱ्याच्या टाकीत जे हेलकावतंय त्यातलं काही, पुढच्या ट्रॉलीतल्या माणसांनी गेल्या हंगामात कोयत्यानं तोडलेलं असू शकतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळं ॲव्हरेजही किंचित उतरतं. पाहुण्यांच्या बावीसमधून ते त्यांनी अजून वजा केलेलं नाही.

वेग कमी करून तेल वाचवायची अक्कल मोठ्या देशांना वेळोवेळी सुचते आणि वेळोवेळी विसरते. १९७३ साली अरब देशांनी तेल आखडलं तेव्हा जर्मनीसारख्या वेगवेड्या देशानं काही रविवार मोटारीच बंद ठेवल्या आणि ऑटोबानवर चार महिने १०० ची मर्यादा आणली. अमेरिकेनं १९७४ पासून देशभर ताशी ५५ मैल केलं, म्हणजे आपले ८८. लोक वीस वर्षं कुरकुरले आणि १९९५ ला ते कायद्यातून गेलं. नेदरलँड्सनं २०२० मध्ये दिवसाची मर्यादा १३० वरून १०० वर आणली. तिथं कारण तेल नव्हतं, हवेत नायट्रोजनची संयुगं जास्त झाली होती. कुणाच्याही घोषणेत "गाडी बावीस देते" असं वाक्य असल्याचं माझ्या वाचनात नाही.

आमच्याकडं मर्यादा पाळण्याचं एक कारण मला फार पटतं, ते मोरांचं. पाटोदा तालुक्यात नायगावला मयूर अभयारण्य आहे, १९९४ पासूनचं. मोर सकाळ-संध्याकाळ रस्ता ओलांडतात आणि ओलांडताना कुठं निघालोय हे विसरतात. १०० वर असलेल्या गाडीला मोर दिसतो तोवर उशीर झालेला असतो. ६० वर असलेल्याला तो दिसतो, आणि मोबाईल बाहेर काढून फोटो काढावा म्हणून तो थांबतो, त्याच्या मागचाही थांबतो. सीताफळांचंही तेच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते मिळालेलं सीताफळ रस्त्याच्या कडेला टोपलीत बसलेलं असतं आणि वेगात जाणाऱ्याला ती टोपली नुसती हिरवी रेघ दिसते.

आणि हा जिल्हा घाईचा कधी नव्हताच. नगर-बीड-परळी रेल्वे, २६१ किलोमीटर, मंजूर झाली १९९५ साली. मागणी त्याच्याही आधीची. नगरहून आष्टीपर्यंत गाडी आली २३ सप्टेंबर २०२२ ला. बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. लोक रुळांवर फुलं टाकायला गेले. नगर ते बीड सुमारे १६७ किलोमीटरला तीस वर्षं. मी सवयीनं भागाकार केला. तासाला दोन फूट. तीस वर्षं तासाला दोन फुटांनी येणाऱ्या गाडीची जो जिल्हा वाट बघतो, त्याला संभाजीनगरला वीस मिनिटं आधी पोचायची एवढी निकड कुठून आली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. लोखंडी रुळावरचं लोखंडी चाक फार थोड्या ओढीवर खूप ओझं नेतं, डांबरावरच्या रबरी टायरला ते कधीच जमणार नाही. पण आपली गाडी म्हणजे आपली गाडी. रेल्वेच्या बॉनेटवर हात ठेवून लग्नात उभं राहता येत नाही.

काहींनी आता विजेची घेतलीय. तिला ॲव्हरेज विचारायचं नसतं, "रेंज" विचारायची असते. थांबलेल्या गर्दीत ती गुपचूप बसते, फारसं काही खात नाही, ब्रेक मारला की थोडी वीज परतही घेते. हवेचं व्याज मात्र तिलाही माफ नाही. महामार्गावर १२० ला टाकली की काटा डोळ्यांदेखत खाली येतो आणि तिचा मालक ढाब्यावर चार्जिंगची चौकशी करत जेवण लांबवतो.

माझ्या आतेभावानं गेल्या वर्षी गाडी घेतली, पेट्रोलची. तिच्या पडद्यावर चालू क्षणाचं ॲव्हरेज दिसतं. त्यानं ते मोठ्या कौतुकानं आत्याला दाखवलं आणि तिथंच फसला. आत्याला गाडी चालवता येत नाही, पण आकडे येतात. तिनं चाळीस वर्षं किराणा दुकान सांभाळलंय. ती मागच्या सीटच्या मधोमध बसते, चष्मा पुसते आणि पडद्यावरून नजर काढत नाही. रस्ता तिच्या लेखी नाहीच. "तेवीस आहे, बरंय. अरे, सतरा झालं की! काय केलंस? बारा? बारा आलं बघ, त्या ट्रकच्या नादी कशाला लागलास?" चढ लागला की आकडा पडतो हे तिला मान्य नाही. चढावरसुद्धा तिला अठराच्या खाली चालत नाही. पाय काढला की पडद्यावर रेघ थेट टोकाला जाते, तेव्हा ती खूश होते आणि पुढच्या किलोमीटरला तेच पुन्हा करायला सांगते. आतेभावानं पडदा बदलून तिथं गाणी लावून पाहिली. आत्यानं गाणी बंद करायला लावली नाहीत. परत येताना पंपावर तिनं काच खाली केली, पोराला किती लिटर बसलं ते विचारलं, किलोमीटर तिच्या ध्यानात होतेच, आणि ओठ हलवत भागाकार केला.

"जाताना वीस पडलं होतं. येताना पंधरा," ती म्हणाली. "एवढं जाळून लवकर आलास ना? मग आता पाचोडला चहा नाही. सरळ घरी चल."

आतेभाऊ आरशात माझ्याकडं बघत होता. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण चहा मलाही हवा होता.